मधलं माणूस

१२ नोव्हेंबर १९४५, सोमवार

खाट नंबर तीन. बाई. वय अंदाजे सव्वीस. नाडी ११८. जीभ कोरडी, ओठ चिरलेले, डोळे खोल गेलेले. ताप नाही, जुलाब नाही, उलटी नाही. शरीरात पाणीच नाही!

नवऱ्याने बैलगाडीत घालून आणली. येडबा त्याचं नाव. मेंढपाळ. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, सध्या पिंगळीच्या शिवारात एका शेतात बसलाय, दोनशे मेंढरं. बाईचं नाव केवळाबाई. मूलबाळ नाही.

"पानी पेत न्हाई," तो म्हणाला. "द्यावं तेवढं भुईवर वतती. म्हनती, मागायलेत."

"कोण मागायलेत?"

त्याने जमिनीकडे पाहिलं. "तिलाच ठावं."

मांडीतून सलाईन दिलं. बाळंतिणींची खोली रिकामी आहे, तिथल्या या खाटेवर ठेवली. संध्याकाळी फुलपात्रात पाणी दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पूर्वेच्या कोपऱ्यापाशी जाऊन एक थेंबही इकडेतिकडे न सांडता भिंतीच्या कडेला ओतलं आणि रिकामं फुलपात्र मला परत आणून दिलं. स्वतःचे ओठ मात्र चाटत होती.

१३ नोव्हेंबर

डॉक्टर दिनकररावांनी तपासलं. वेड, म्हणाले. झोप आणणाऱ्या पॅराल्डिहाइडची बाटली ऑगस्टपासून रिकामी आहे. ब्रोमाइडचे चार डोस उरलेत. लढाई संपली तरी माल येत नाही. मागणीपत्र मी तीनदा पाठवलंय.

अठरा डिसेंबरला मोठे साहेब, जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन, तपासणीला येणार. "तोवर पाणी प्यायला लागली तर घरी पाठवू," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर साहेबांपुढे कागद करू." कागद म्हणजे पागलखान्याचा. दोन डॉक्टरांच्या सह्या आणि घरच्या माणसाचा अंगठा. हैदराबादला नर्सिंग शिकत असताना मी असे कागद पाहिले आहेत. जाणारी माणसं पाहिली आहेत. येणारी फार पाहिली नाहीत.

१५ नोव्हेंबर

ब्रोमाइड संपलं. औषध नाही तर निदान हकीकत तरी पुरी घ्यावी. कुणाचं पोट दुखत असलं तर आपण विचारतो — कधी दुखतं, कुठे, किती वेळ, कशाने वाढतं, कशाने थांबतं. तेच प्रश्न आवाजाबद्दल विचारले.

कधी? — "कवाबी."
कुठून? — कोपऱ्याकडे बोट.
काय म्हणतो? — "पानी."
दुसरं काही? — "माझं नाव घेऊन पानी."
कशाने थांबतो? — "वतलं की थोडा येळ."
किती वेळा येतो? — "म्या काय मोजीत बसू!"

म्हणून मी मोजले. आवाज आला की ती मान झटकन कोपऱ्याकडे वळवते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा — एकतीस वेळा. स्वतःहून प्यायलेलं पाणी, शून्य औंस.

जाताना तिने विचारलं, "तुमाला ऐकू येतं का?"

"नाही," मी म्हणाले. "पण तुला येतं, हे मला माहीत आहे."

यापलीकडचं काही बोलले असते तर ते खोटं झालं असतं.

१६ नोव्हेंबर

डॉक्टर हसले. "कमलबाई, बोलून वेड जात असतं तर आमच्या घरात एकही वेडा उरला नसता. आमची मंडळी दिवसभर बोलतात."

मी तक्ता दाखवला. एकतीस, एकोणतीस. त्यांनी तपकीर ओढली. "तुम्ही वेडाचाही ताप मोजता!"

१८ नोव्हेंबर

आज सांगितलं. विचारलं नव्हतं. मी चादर बदलत होते.

"मामंजी हायेत."

तिचे सासरे. जेठात गंगेकाठी — इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात — पटकीने गेले. पुढचं तिने सांगितलं नाही. पण आवाज कुणाचा ते कळलं. मला वाटलं, आता मार्ग सरळ आहे! मी तिला समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं — आवाज आला की पाणी ओतायचं नाही. त्याला उत्तर द्यायचं. "मामंजी, मी आत्ता देणार नाही" — असं तोंडाने म्हणायचं.

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिला भर बाजारात लुगडं सोडायला सांगितलं. मग पदर तोंडावरून पार गळ्यापर्यंत ओढला आणि भिंतीकडे वळली.

२० नोव्हेंबर

दोन दिवस एक शब्द नाही. नाडी १२४. पुन्हा सलाईन. आवाज — चौतीस. तक्त्यात लिहिलं: रुग्ण सहकार्य करीत नाही.

२१ नोव्हेंबर

हे वाक्य खोडायला हवं.

बायनाबाई दवाखान्याची झाडलोट करते, बाळंतिणींना अंघोळी घालते. साठी ओलांडलेली, तोंडाची फटकळ. मी तिच्याजवळ तक्रार केली की ही बाई हट्टी आहे, आवाजाला उत्तर दे म्हटलं तर देत नाही.

बायनाबाईने खराटा टाकला आणि कमरेवर हात ठेवून हसली.

"आवो बाई, तुमी शिकलेल्या का कोण? सून हाय ती! सून सासऱ्याला तोंड देती व्हय? म्या माझ्या सासऱ्यासंग बावीस वर्सं एक अक्षर बोलले न्हाई. त्यो मेला तवा रडले, ते बी भिताडाकडं तोंड करून."

"मग काही सांगायचं असलं तर?"

"मधी कुनीतरी लागतंच की. लेकरू आसतं, ननंद आसती. न्हाईच कुनी तर कुत्रं आसतं. 'वाघ्या, सांग म्हनावं, भाकर झालीया.' त्यास्नी समद्यास्नी ऐकू जातंय. पर बोलायचं वाघ्याशी."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही! माझी आई आमच्या आजोबांशी खुंटीवरच्या कंदिलाकडे बघून बोलायची. तीन वर्षं हैदराबादच्या वॉर्डात काढली आणि आईचं बोलणं विसरून आले. मी त्या बाईला जन्मात कधी न केलेली गोष्ट करायला सांगितली — आणि नाही केली म्हणून तिच्या नावावर दोष लिहिला.

खोडलं. तक्त्यात खाडाखोड मी आजवर केली नव्हती.

२४ नोव्हेंबर

आज तिने सगळं सांगितलं. मी खाटेच्या पायथ्याशी बसले, तिच्या तोंडासमोर नाही. ती खिडकीतून बाहेर बघत बोलत होती. जसं बोलली तसं लिहिते.

वाडा गंगाखेडच्या खालच्या अंगाला होता, वाळूच्या कडेला. सासऱ्याला — रायभान नाव त्याचं, हे येडब्याने नोंदीत दिलं होतं — पहाटे जुलाब सुरू झाले. त्याला दिसत कमी, ऐकू कमी. दुपारपर्यंत उठवेना. पटकी म्हटल्यावर गावच्या पाटलाचा माणूस आला आणि लांब बांधावरूनच ओरडू लागला — मेंढरं हलवा, माणसं हलवा, आत्ताच्या आत्ता! येडबा मेंढरं घेऊन पुढे निघाला. कुत्री मेंढरांमागे गेली. हिने भांडी बांधायची आणि मागून यायचं.

"त्यास्नी लय तहान. पानी, पानी करायले. घागर भरून उशाशी ठिवली. तांब्या ठिवला घागरीवर. पर त्यास्नी दिसंना. सांगायचं कसं?"

मी तक्ता बाजूला ठेवला.

"मालक म्होरं. कुत्रं म्होरं. लेकरू मला न्हाई. मधी कुनीच नव्हतं, बाई. म्या खाकरले. मंग काकनं वाजिवली घागरीवर, लय येळ वाजिवली. त्यास्नी वाटलं आसंल, सून भांडी घासायलीय."

"मग?"

"मंग निघाले."

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी वाळूतच माती दिली म्हणे. घागर भरलेली होती की रिकामी, हे कुणी सांगितलं नाही.

"तू तांब्या त्यांच्या तोंडाला का लावला नाहीस?" असं विचारणार होते. हकीकतीतला रीतसर प्रश्न. विचारला नाही. एवढंच एक या दिवसांत मी नीट केलं.

तिनेच विचारलं, "तुमाला सासरा न्हाई का?"

"नाही. लग्न नाही."

"मंग तुमास्नी बोलायला आडकाठी न्हाई," ती म्हणाली. "तुमी सांगा त्यास्नी. उशाशी पानी हाय म्हनून."

२५ नोव्हेंबर

दिवसभर विचार केला. माझ्या शिक्षणात हे कुठेच नाही. नसलेल्या माणसाशी बोललं तर भ्रमाला खतपाणी, असं शिकवतात. पण मी तो तिथे आहे असं म्हणणार नाही. मी फक्त निरोप सांगणार. निरोप खरा आहे. पाणी खरंच उशाशी होतं.

२६ नोव्हेंबर

दहा वाजता दार लावून घेतलं. खिडकी पण. घसा साफ केला. 

कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "रायभानमामा, तुमच्या सुनेचा निरोप आहे. पाण्याची घागर तुमच्या उशाशी आहे."

"आसं न्हाई," मागून केवळाबाई. "मोठ्यानं! त्यास्नी कमी ऐकू येतं."

पुन्हा. मोठ्याने. बाहेर बायनाबाईचा खराटा थांबल्याचं ऐकू आलं.

"आन् सांगा, उजव्या अंगाला हाय. तांब्या वर हाय."

सांगितलं.

"काय म्हनले?"

"मला ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "तुला आलं?"

तिने कान दिला. बराच वेळ. "गप हायेत," म्हणाली.

मी फुलपात्र पुढे केलं. तिने ते हातात धरलं, कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाठ केली आणि प्यायली. सहा औंस!

१ डिसेंबर

वेळ ठरवली आहे — सकाळी दहा, दुपारी चार. निरोप त्याच वेळी. मधे आवाज आला तर ती म्हणते, "चार वाजता बाई येतील," पण हे ती खाटेच्या पायाला सांगते, त्याला नाही. आवाज — आज अकरा. पाणी — अठ्ठावीस औंस.

निरोप बदलत चाललेत. पहिले तीन दिवस नुसतं पाणी. मग: आम्ही आपल्या मनाने गेलो नाही, पाटलाच्या माणसाने हाकललं. मग: काळ्या मेंढीला जुळं झालं. आज: तुमची घोंगडी मालक पांघरतात, टाकली नाही.

मी शब्द बदलत नाही. जसे देते तसे पोचवते.

४ डिसेंबर

आज दहाच्या वेळी ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. काय झालं म्हणून विचारलं तर सांगेना. मग म्हणाली, "मामंजी इचारायलेत, ही बाई आसं तहसीलदारावानी का बोलती? म्हनून हिला कुनी केली न्हाई वाटतं!"

नोंद केली. आवाज पाणी सोडून दुसरं काही बोलला, ही पहिलीच वेळ.

बायनाबाईने हे गावभर केलं असणार.

१० डिसेंबर

आवाज — दोन. पाणी — चौपन्न औंस. भाकरी दोन्ही वेळा. नाडी ७८. बायनाबाईच्या डोक्याला तेल लावून वेणी घालून देते. येडबा येऊन गेला. दारातच उभा राहिला. ती त्याला म्हणाली, "घरी न्या आता." तो म्हणाला, "सायब येऊ दे."

डॉक्टरांनी तक्ता हातात घेऊन दोनदा वाचला. "काय केलंत?"

"हकीकत घेतली."

"बस?"

"बस."

दार लावून काय चालतं ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असं वाटलं नाही. खरं लिहायचं तर — लाज वाटली. माझी नेमणूक अजून कायम नाही. साहेबांच्या सहीनेच व्हायची आहे.

१८ डिसेंबर, मंगळवार

साहेब साडेनऊला आले. दवा-गोदाम पाहिलं, रजिस्टर पाहिलं, माझ्या तक्त्यांची तारीफ केली. डॉक्टरांना म्हणाले, "ये बाई तो घड़ी है घड़ी!" बरं वाटलं मला. ते लिहिलंच पाहिजे, की बरं वाटलं.

खाट नंबर तीनपाशी आलो तेव्हा दहा वाजत होते. वेळ मीच लावून दिलेली. साहेब, डॉक्टर, साहेबांचा मुन्शी, येडबा दाराशी. केवळाबाई उठून उभी राहिली, पदर नीट केला. साहेबांनी विचारलं, नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता. सगळं बरोबर सांगितलं. मंगळवार म्हणाली. साहेब मान हलवून वळायला लागले होते. एक पाऊल टाकलंही होतं!

तेवढ्यात ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, येळ झाली. त्यास्नी सांगा ना, आज मी घरी जायलेय म्हनून."

साहेब थांबले. "किसको बोलने को कह रही है?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. रोज बोलत होते. किंवा साहेबांना सांगायचं होतं — ही उपचाराची रीत आहे, तेवीस दिवस चालू आहे, हे आकडे बघा. तक्ता माझ्याच हातात होता.

मी म्हणाले, "इथे कुणी नाही, केवळाबाई."

शांतपणे म्हणाले. वॉर्डात बोलायच्या आवाजात.

तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाली, "मामंजीस्नी. सांगा ना."

"कुणी नाही."

तिने कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा कोपऱ्याकडे. तिथे काय ऐकू आलं ते मला कधीच कळणार नाही. ती धावली, रांजणातून तांब्या भरला, कोपऱ्यात ओतला, परत भरला, ओतला, परत भरला. साहेबांच्या बुटांवरून पाणी गेलं. मुन्शीने तिला धरलं तेव्हा ती ओरडत होती, "मधी कुनी न्हाई! मधी कुनी न्हाई!"

कागद झाला. दोन सह्या. येडब्याचा अंगठा. साहेबांनी माझा तक्ता पुराव्यादाखल जोडायला मागितला. आवाजाचे सगळे आकडे, तारखेवार, सुवाच्य.

१९ डिसेंबर

मी खोटं बोलले नाही. तिथे कुणी नव्हतं.

दिवसभर हे वाक्य तपासते आहे. त्यात चूक सापडत नाही. तरी ते मी आजवर केलेलं सगळ्यात मोठं खोटं आहे.

२० डिसेंबर

डॉक्टरांना सगळं सांगितलं. निरोप, कोपरा, दहा आणि चार. त्यांनी तपकिरीची डबी मिटली. मग म्हणाले, "परवा सांगितलं असतंत तर मी साहेबांना दुपारनंतर वॉर्ड दाखवला असता, कमलबाई. एवढं तर मला जमलं असतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

२२ डिसेंबर

आज नेली. बैलगाडीने पिंगळीपर्यंत, पुढे आगगाडीने. बरोबर एक शिपाई आणि येडबा. वाटेसाठी मी औषधाची पुडी आणि पाण्याची सुरई तयार केली होती. ती घेऊन गाडीपाशी गेले.

मला पाहताच तिने पदर तोंडावर ओढला. पार गळ्यापर्यंत.

"केवळाबाई," मी म्हणाले.

ती बायनाबाईकडे वळली. हळू बोलली, पण मी हातभर अंतरावर होते, सगळं ऐकू येत होतं. "बायनामावशी, बाईस्नी सांगा, सुरई नगं म्हनावं. वाटंत प्यायले तर लघवीला कुठं जाऊ, बरूबर बाप्ये हायेत."

बायनाबाई माझ्याकडे बघेना. तिने सांगितलं. ऐकलेलंच मला परत सांगितलं.

"तिला विचारा, काही हवं का," मी म्हणाले. मलाही आता मधलं माणूस लागत होतं.

"काय नगं म्हनती."

गाडी निघाली.

६ जानेवारी १९४६

मुस्तकिलीचा हुकूम आला. कायम झाले.

१४ जानेवारी

बायनाबाईने तिळगूळ दिला. "ग्वाड बोला," म्हणाली आणि मग जीभ चावली.

९ फेब्रुवारी

पागलखान्याला पत्र पाठवलं होतं — रुग्णाशी सकाळी दहाला कुणीतरी पाच मिनिटं बसावं, समोर नव्हे, बाजूला. ती सांगेल तो निरोप मोठ्याने म्हणावा. त्याने पाणी पिते. दोन पानं. कारणं क्रमाने दिली.

उत्तर आज आलं, उर्दूत, डॉक्टरांनी वाचून दाखवलं. रुग्ण शांत आहे. कुणाशी बोलत नाही. वजन कमी आहे. ज्या घरच्या माणसाचा अंगठा आहे त्याने अर्ज केला, तर हवाली करण्याचा विचार होऊ शकतो. पत्रातल्या सूचनेबद्दल काही नाही.

डॉक्टर म्हणाले, "येडब्याला गाठा."

१० मार्च, रविवार

सुट्टी घेतली. टांग्याने सोनपेठच्या वाटेला, मग पायी. वाडा एका कापसाच्या मोकळ्या रानात होता. येडबा कोकरांना पाजत होता. मी अर्ज लिहूनच नेला होता, शाईची डबीही. फक्त अंगठा हवा.

"नगं, बाई," तो म्हणाला.

"ती बरी होत होती. चूक माझी झाली. मी इथे येऊन बसेन, दर आठवड्याला येईन."

"तिथंच बरी हाय ती."

"तुम्ही पाहिलंत?"

"न्हाई."

"मग बरी आहे हे कसं ठाऊक?"

त्याने कोकरू खाली ठेवलं. "इथं आली की परत सुरू व्हईल. मला झेपायचं न्हाई. जावा तुमी, ऊन व्हायलंय."

त्याच्या चुलतभावाची बायको भाकरीचं पीठ मळत होती. तिने मान वर न करता टोमणा मारला, "न्यायची बी तुमीच, आनायची बी तुमीच! दवाखाना हाय का बाजार!" बरोबर बोलली.

चार मैल चालत परतले. दगड आहे तो माणूस. दुसरी करायची असेल. बायकोला मरायला टाकून मोकळा झाला, बापाला टाकलं तसाच. हे रागाने लिहिते आहे, ठाऊक आहे. खोडणार नाही.

२ जून

दहा वाजता बाळंतिणींच्या खोलीत गेले. खोली रिकामी होती. दार लावलं. म्हणायचं होतं — रायभानमामा, तुमची सून त्या दिवशी घरी येणार होती.

शब्द निघाला नाही. मला तो निरोप कुणी दिलेला नव्हता. आपल्या मनचं सांगायला मधलं माणूस नसतं.

१७ ऑगस्ट

दुसरं पत्र. उत्तर नाही.

३० सप्टेंबर

नवीन रुग्ण, जवान मुलगा, भिंतीतून शिव्या ऐकू येतात म्हणतो. डॉक्टर स्वतःच माझ्या टेबलापाशी आले. "हकीकत घ्याल?" मी घेतली. सगळं त्यांच्यासमोर, दार उघडं ठेवून. आठ दिवसांत थोडा फरक आहे. लोक दारातून डोकावतात, हसतात. हसोत. एवढंच सोपं होतं.

एका माणसासाठी उशीर झाला, हे मात्र तक्त्यात कुठेच येत नाही.

१९ नोव्हेंबर १९४६, मंगळवार

दुपारी येडबा आला. एकटा. खूप वाळलाय. बसा म्हणाले, तर बसेना. रुग्णांची रांग उरकेपर्यंत उभाच. मग आत आला.

"बाई, तिला इचारायच्या ना तुमी, तसं मला इचारा."

मला कळेना.

"मला बी हाक येती. बाची. तिच्या आदीपास्नं येती. म्या म्होरं मेंढरामागं व्हतो तवापास्नं. म्या कुनाला बोललो न्हाई. तिनं बोलून दावलं, म्हनून ती येडी ठरली. अंगठा उठिवला तवा बी येत व्हती."

मी खुर्ची ओढली. त्याच्या समोर नाही, बाजूला. "आत्ता येते?"

"यायलीय की."

"पाणी मागतात?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग काय म्हणतात?"

"सून कुठं हाय, इचारायलेत."